आधी फिक्स, मग छिद्रे: पेशीतील हिरवी खूण टिकवण्याविषयी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मेरी ब्रंकाव, फ्रेड राम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यापासून मराठी वृत्तपत्रांच्या विज्ञानविषयक पानांवर नियामक टी पेशी (रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी) आणि फॉक्सपी३ यांच्याविषयी बरेच छापून आले आणि त्यातले बहुतेक लेखन वाचनीय होते. साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवली, ब्रंकाव आणि राम्सडेल यांनी २००१ मध्ये उंदरांमधील एका आजाराचे मूळ फॉक्सपी३ या जनुकात असल्याचे दाखवले, हा इतिहास वाचकांपर्यंत नीट पोचला. माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे, जे थोड्याफार फरकाने अशा लेखांत हटकून येते: ‘संशोधकांनी पेशींना चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाची खूण केली आणि नंतर त्यांच्यातील फॉक्सपी३ प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजले.’ या वाक्यातल्या ‘नंतर’ या शब्दात प्रयोगशाळेतले निम्मे दुखणे लपलेले आहे. पुण्यातील एका संशोधन प्रयोगशाळेत मी फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीवर लेझर टाकून तिची चमक मोजणारे यंत्र) हाताळते आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्यागार दिसलेल्या पेशी दुपारी यंत्रावर काळ्याठिक्कर निघाल्या, ही तक्रार घेऊन येणारे विद्यार्थी मला नवे नाहीत. बायोटेक्नॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी शिकणारी मुले व त्यांना शिकवणारे प्राध्यापकही आपले वाचक आहेत, म्हणून या विषयावर सविस्तर लिहिण्याची मुभा घेत आहे.

हे हिरवे प्रथिन, म्हणजे जीएफपी, मूळचे एका जेलीफिशचे. ओसामु शिमोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्याची नोंद केली, मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये त्याचे जनुक जिवाणूंत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून ते तिथेही चमकते हे दाखवले आणि रॉजर त्सिएन यांनी त्यात फेरबदल करून ते अधिक तेजस्वी केले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची रचना. अवघ्या २३८ अमिनो आम्लांचे आणि सुमारे २७ किलोडाल्टन वजनाचे हे प्रथिन ११ पट्ट्यांनी विणलेल्या पिंपाच्या आकाराचे असते आणि प्रकाश देणारा भाग, जो ६५ ते ६७ या क्रमांकांच्या तीन अमिनो आम्लांपासून आपोआप तयार होतो, तो त्या पिंपाच्या मधोमध बंदिस्त असतो. पिंप शाबूत आहे तोवर प्रकाश आहे. पिंप उलगडले की त्यातला रसायनाचा तुकडा जागेवर असूनही चमकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला जोडलेले नसेल तर जीएफपी पेशीत मोकळेच फिरत असते. केंद्रकाच्या आवरणातली छिद्रे साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतच्या प्रथिनांना विनासायास ये-जा करू देतात, त्यामुळे ते केंद्रकातही असते आणि बाहेरच्या पेशीद्रवातही. त्याला धरून ठेवणारे पेशीत काहीच नसते. पेशीचे बाहेरचे पटल तेवढे त्याला अडवते.

आता फॉक्सपी३ कडे वळू. त्या जनुकापासून बनणारे याच नावाचे प्रथिन केंद्रकात राहते आणि ते शोधून त्याला चिकटणारे प्रतिपिंड सुमारे १५० किलोडाल्टनचे असते. एवढा मोठा रेणू अखंड पटलातून आत जात नाही, म्हणून पटलाला छिद्रे पाडावी लागतात. प्रयोगशाळेत याला सगळे ‘पर्म करणे’ म्हणतात. १५० किलोडाल्टनचे प्रतिपिंड आत शिरेल एवढी वाट केल्यावर २७ किलोडाल्टनचे जीएफपी त्याच वाटेने बाहेर पडणार, हे समजायला फार विज्ञान लागत नाही. तरीही हिरवा सिग्नल गेला की पहिला संशय लेझरवर घेतला जातो, दुसरा पेशीत जनुक पोचवणाऱ्या विषाणू-वाहकावर आणि तिसरा ‘पेशींनी जनुक बंद केले असेल’ या विधानावर, जे दुपारच्या चार तासांत घडण्याची शक्यता अगदीच कमी असते.

याला उतारा आहे तो फिक्सेशनचा, म्हणजे पेशीतली प्रथिने रसायनाने जागच्या जागी बांधून ठेवण्याचा. फॉर्मल्डिहाइड हे प्रथिनांच्या अमाइन गटांना एकमेकांशी पूल बांधून जोडते, विशेषतः लायसिन या अमिनो आम्लाचे गट त्यात सापडतात, आणि त्यामुळे जीएफपी शेजारच्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकून बसते. हे जोडकाम मुख्यतः पिंपाच्या बाहेरच्या अंगाला होत असल्याने आतला प्रकाश बव्हंशी तसाच राहतो. भिंतीला भोके पाडण्यापूर्वी घरातले सामान बांधून ठेवावे, तसा हा क्रम आहे. आधी फिक्स, मग पर्म. सांगायला इतके सोपे असलेले हे तत्त्व प्रत्यक्षात मोडले जाते, कारण फॉक्सपी३ साठी मिळणाऱ्या अनेक तयार किटमध्ये फिक्स करणारे आणि छिद्रे पाडणारे द्रव्य एकाच बाटलीतून, एकाच वेळी पेशींवर पडते. केंद्रकापर्यंत प्रतिपिंड पोचवण्यासाठी ते मिश्रण उत्तम असते. पण त्यात शर्यत लागते: फॉर्मल्डिहाइडने जीएफपीला धरण्याच्या आधीच पटल उघडते आणि मोकळे प्रथिन बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात, उतरते. किट सदोष नसते. ते हिरवी खूण नसलेल्या पेशी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते आणि ही गोष्ट पत्रकातल्या बारीक अक्षरांत लिहिलेली असली तरी वाचली जात नाही.

म्हणून अशा पेशींसाठी किटच्या आधी एक वेगळी पायरी घालावी लागते. ताज्या, मेथॅनॉल नसलेल्या पॅराफॉर्मल्डिहाइडच्या (विरघळल्यावर ते फॉर्मल्डिहाइडच देते) २ टक्के द्रावणात पेशी सामान्य तापमानाला १० ते २० मिनिटे ठेवायच्या, धुवायच्या आणि मग किटचे मिश्रण घालायचे. ही सुरुवात करण्याजोगी मोजमापे आहेत, दगडावरची रेघ नव्हे. फिक्सेशन कमी पडले तर हिरवा रंग गळतो. अति झाले तर केंद्रकातले प्रथिन इतके जखडले जाते की प्रतिपिंडाला आपली जागा सापडत नाही, फॉक्सपी३ चा सिग्नल बसतो आणि वर पेशीची स्वतःची पार्श्वभूमीची चमकही वाढते. या दोन टोकांमधली जागा प्रत्येक पेशीप्रकारासाठी आणि प्रत्येक प्रतिपिंडासाठी निराळी असते. अर्धा, एक, दोन आणि चार टक्के अशा चार ट्यूब लावून पाहायला एक दुपार पुरते, पण ही दुपार वाचवण्याकडे आपल्याकडे कल असतो, आणि मग महिनाभराची सॅम्पले वाया जातात.

छिद्रे कशाने पाडायची, हाही प्रश्न आहेच. सॅपोनिन हे पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून छिद्रे करते. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातल्या रसायनांमुळे. सॅपोनिनची छिद्रे कायमची नसतात, म्हणून प्रतिपिंड घालताना आणि नंतरच्या धुण्यातही ते बफरमध्ये असावे लागते. पेशीद्रवातले सायटोकाइन (पेशींची एकमेकींना निरोप देणारी प्रथिने) पाहायचे असतील तर ते पुरेसे ठरते, केंद्रकातल्या प्रथिनांसाठी मात्र बऱ्याचदा अपुरे पडते. ट्रायटन एक्स-१०० पटलातली चरबीच विरघळवते, केंद्रकाच्या आवरणासकट, त्यामुळे आत जाण्याची सोय चांगली होते आणि अगोदर नीट फिक्स न केलेले सगळे बाहेर येते.

मेथॅनॉलविषयी मात्र स्पष्टच लिहायला हवे. पेशीतील संदेशवहनाचा अभ्यास करणारे लोक फॉस्फेट लागलेली प्रथिने पाहण्यासाठी बर्फासारखे थंड ९० टक्के मेथॅनॉल वापरतात आणि त्या कामासाठी ते योग्यच असते. पण अल्कोहोल प्रथिनातले पाणी ओढून घेते, त्याची घडी मोडते, आणि जीएफपीचे पिंप त्याला अपवाद नाही. पेशीचक्र मोजण्यासाठी ७० टक्के इथेनॉलमध्ये पेशी ठेवण्याची जुनी पद्धतही याच कारणाने हिरव्या खुणेच्या मुळावर येते, शिवाय अल्कोहोल प्रथिनांना एकमेकांशी पूल बांधून जोडत नाही. जे मोकळे आहे ते धुण्यात निघून जाते. पॅराफॉर्मल्डिहाइडने आधी पेशी बांधून घेतल्या तर इथेनॉलनंतरही काही प्रमाणात हिरवा प्रकाश शिल्लक राहतो. मेथॅनॉलनंतर तो मिळेल या भरवशावर प्रयोग आखू नये. शिवाय प्रतिपिंडांना लावले जाणारे पीई आणि एपीसी हे लोकप्रिय रंग स्वतः प्रथिनेच आहेत आणि मेथॅनॉल त्यांनाही सोडत नाही, म्हणजे पृष्ठभागावरची आधी केलेली रंगवणूकही जाते.

येथे फॉर्मलिनच्या डब्याविषयी थोडे. अनेक महाविद्यालयांत पॅराफॉर्मल्डिहाइडची पावडर विरघळवण्याचा कंटाळा म्हणून कपाटातले फॉर्मलिन वापरले जाते. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मलिनमध्ये साधारण ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड असते आणि ते टिकावे म्हणून त्यात १० ते १५ टक्के मेथॅनॉल घातलेले असते. रुग्णालयात ज्याला ‘१० टक्के फॉर्मलिन’ म्हणतात त्यात फॉर्मल्डिहाइड जेमतेम ४ टक्के असते, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले गेल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. डबा जुना असेल तर त्यातल्या काही फॉर्मल्डिहाइडचे फॉर्मिक आम्ल झालेले असते आणि द्रावण आम्लधर्मी होते. जीएफपीला आम्ल चालत नाही: नेहमी वापरल्या जाणाऱ्या ईजीएफपी या प्रकाराची चमक पीएच ६ च्या आसपास निम्म्यावर येते, आणि त्याचा पिवळा भाऊबंद ईवायएफपी तर ७ च्या जवळपासच ढेपाळतो. समाधानाची बाब एवढीच की आम्लाने मंदावलेला प्रकाश पीएच ७.४ च्या बफरमध्ये पेशी पुन्हा सोडल्या की बऱ्याच अंशी परत येतो. म्हणून हिरवा रंग गेला असे वाटल्यावर ट्यूब फेकण्यापूर्वी पीएच पट्टी बुडवून पाहावी. पॅराफॉर्मल्डिहाइडची पावडर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, सोडियम हायड्रॉक्साइडचे थोडे थेंब घालून, धुराड्याच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) विरघळवावी, थंड झाल्यावर पीएच ७.४ वर आणावा, गाळून वापरावी. त्या वाफा डोळ्यांत गेल्या की आठवडाभर आठवण राहते.

रंग गेला तर तो विझला की गळला, हे कळण्याचा एक स्वस्त उपाय आहे आणि तो कुठल्याही अभ्यासक्रमात सहसा सांगितला जात नाही, म्हणून येथे नोंदवते. पर्म केल्यानंतर पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसवल्या की वरचे पाणी आपण सवयीने ओतून देतो. ते ओतू नये. त्यातले १०० मायक्रोलिटर काळ्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये घालावे, शेजारच्या खाचेत जीएफपी नसलेल्या पेशींचे तसेच पाणी घालावे आणि प्लेट रीडरवर ४८८ नॅनोमीटरने उद्दीपित करून ५१० च्या आसपासचा प्रकाश मोजावा. पाणी हिरवे निघाले तर प्रथिन सुखरूप आहे, फक्त पेशीबाहेर आहे. उपाय आधीचे फिक्सेशन वाढवण्याचा. पाणीही काळे आणि पेशीही काळ्या असतील तर अल्कोहोल, आम्ल किंवा प्रथिनाची मोडलेली घडी यांच्याकडे पाहावे. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींत पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

प्रकाश विझला असेल पण प्रथिन पेशीत अडकलेले असेल, तर जीएफपीविरुद्धचे, रंग लावलेले प्रतिपिंड वापरून त्याला पुन्हा दाखवता येते. हा मार्ग चांगला आहे, पण त्याचा उपयोग गळतीवर होत नाही. जे ट्यूबमध्ये नाही त्याला प्रतिपिंड चिकटणार कशाला? कॅटलॉग पाहून हे महागडे प्रतिपिंड मागवण्यापूर्वी वरची प्लेटवरची चाचणी करावी, एवढेच सुचवते.

हे सगळे तंत्रज्ञांच्या कुरबुरीपुरते मर्यादित राहिले असते तर मी आपली जागा अडवली नसती. गळती सगळ्या पेशींत सारखी होत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. एकाच ट्यूबमधल्या काही पेशी लवकर फिक्स होतात, काही उशिरा. काहींत मुळात प्रथिन कमी असते आणि थोडे गळताच त्या निगेटिव्हच्या गठ्ठ्यात जाऊन बसतात. आलेखावर मग फॉक्सपी३ असलेल्या पण हिरव्या नसलेल्या पेशींचा एक सुबक पुंजका दिसतो. तो पुंजका शोधनिबंधात नव्या उपप्रकाराच्या नावाने वावरू शकतो, त्यावर पुढचा प्रकल्प उभा राहू शकतो, त्याला सरकारी अनुदानही मिळू शकते. हा पुंजका खोटा आहे की खरा, हे त्याच्याकडे टक लावून पाहून ठरत नाही. त्यासाठी त्याच पेशींचा एक हिस्सा जिवंत, न फिक्स केलेल्या अवस्थेत आधी यंत्रावर वाचून हिरव्यांचे प्रमाण टिपावे लागते, दुसरा हिस्सा फक्त फिक्स करून, तिसरा फिक्स आणि पर्म दोन्ही करून, आणि जीएफपी नसलेल्या मूळ पेशीही त्याच सर्व पायऱ्यांतून न्याव्या लागतात. जिवंत पेशींत ६० टक्के हिरव्या असतील आणि शेवटच्या ट्यूबमध्ये ३५, तर ते २५ टक्के कुठे गेले याचा हिशेब द्यायलाच हवा. रंगांची एकमेकांत होणारी गळाभेट दुरुस्त करण्यासाठी जे कंपेन्सेशन करतात, त्याच्याही ट्यूब त्याच फिक्स-पर्ममधून गेलेल्या असाव्यात. ताज्या पेशींवर बसवलेले आकडे फिक्स केलेल्या पेशींना लावणे हा मोठाच घोटाळा आहे, आणि तो सर्रास होतो.

क्रमाबद्दल आणखी थोडे सांगून हा तांत्रिक भाग आवरते. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग फिक्स करण्यापूर्वी लावावा आणि तो फिक्सेशन सहन करणारा, अमाइन गटांना जोडला जाणारा असावा. प्रोपिडियम आयोडाइड या, पटल फुटलेल्या पेशीतच शिरणाऱ्या रंगाचा पर्मनंतर या कामी उपयोग नाही, कारण तेव्हा सगळ्याच पेशी त्याला दार उघडून बसलेल्या असतात. पृष्ठभागावरची प्रतिपिंडेही आधीच लावावीत. फॉक्सपी३ साठी एफआयटीसी हा हिरवा रंग लावलेले प्रतिपिंड घेऊ नये, ते जीएफपीच्याच ५३० नॅनोमीटरच्या खिडकीत येऊन बसते. लाल बाजूचा रंग घ्यावा. जोडरंग (दोन रंग जोडून केलेले टॅन्डम रंग) फिक्सेशनमध्ये तुटू शकतात हे लक्षात ठेवावे. शेवटी पेशी पीएच ७.४ च्या बफरमध्ये, चार अंशांवर, अंधारात ठेवाव्यात आणि जमल्यास त्याच दिवशी वाचाव्यात, कारण ‘शुक्रवारी फिक्स केले, सोमवारी पाहू’ या वेळापत्रकाने आजवर कोणाचे भले झालेले माझ्या पाहण्यात नाही.

ज्यांच्याकडे पेशी वेगळ्या करणारे सॉर्टर यंत्र आहे त्यांनी तर ही कटकटच टाळावी: जिवंत असतानाच हिरव्या आणि बिनहिरव्या पेशी दोन नळ्यांत वेगळ्या करून घ्याव्यात आणि मग प्रत्येक नळीत निर्धास्तपणे फॉक्सपी३ पाहावे. पण सॉर्टर सगळीकडे नसतो, जिथे असतो तिथे वेळ मिळत नाही. नवीन प्रयोगाची आखणीच करायची असेल, तर जीएफपी मोकळे न ठेवता हिस्टोन एच२बी सारख्या केंद्रकातील प्रथिनाला जोडलेले निवडावे. ते डीएनएला बिलगून राहते आणि पटलाला छिद्रे पडली तरी सहजासहजी निसटत नाही.

आपल्या राज्यात पेशीविज्ञानाचे काम कमी नाही. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर, खारघरचे ॲक्ट्रेक, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ही नावे वाचकांना परिचित आहेत. मात्र विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात फ्लो सायटोमेट्री शिकवली जाते ती बहुधा फळ्यावर: लेझर, फिल्टर, डिटेक्टर यांची आकृती काढून. सॅम्पल तयार करण्यावर तोंडी परीक्षेत एखादा प्रश्न आला तरी ‘पेशी फिक्स आणि पर्मिअबिलाइझ केल्या’ एवढ्या उत्तरावर गुण मिळतात. कोणत्या क्रमाने, किती टक्क्यांनी, किती मिनिटे, आणि हिरवे प्रथिन शिल्लक राहिले हे कशावरून, असा पुढचा प्रश्न परीक्षकांनी विचारायला सुरुवात केली तरी पुष्कळ फरक पडेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही आणि निधीचा प्रस्तावही पाठवावा लागत नाही. पीएचडीच्या प्रबंधांतही ‘उत्पादकाच्या सूचनांनुसार’ या दोन शब्दांत हा सगळा भाग उरकण्याची प्रथा आहे. मार्गदर्शकांनी ती मोडावी, विशेषतः जिथे पेशींत जीएफपी आहे तिथे, कारण उत्पादकाच्या त्या सूचना बहुतेक वेळा जीएफपी नसलेल्या पेशींसाठीच असतात.

आपल्याला विनंती अशी की, यापुढे विज्ञानाच्या पानावर हिरव्या पेशींचे छायाचित्र किंवा ठिपक्यांचा आलेख छापला जाईल तेव्हा चित्रओळीत त्या पेशी जिवंत आहेत की फिक्स केलेल्या, आणि पर्म केलेल्या असतील तर हिरवा प्रकाश प्रथिनाचा स्वतःचा आहे की जीएफपीविरुद्धच्या प्रतिपिंडाचा, हे संबंधित संशोधकाला विचारून लिहावे. चित्रओळ अर्ध्या ओळीने वाढेल.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे